ब्लांशचं खोटं सगळ्यांना चाललं

एम.ए. इंग्रजीच्या पोरापोरींच्या वह्यांत टेनेसी विल्यम्सच्या नाटकातल्या ब्लांशबद्दल एक वाक्य हमखास सापडतं, गाईडमधून जसंच्या तसं उतरवलेलं: ब्लांश ही स्वतःच्याच भ्रमांची बळी आहे, तिला वास्तव झेपलं नाही म्हणून तिचा ऱ्हास झाला. झालं, उत्तर संपलं. मार्क द्यावेच लागतात कारण मॉडेल आन्सरमध्ये पण तेच असतं. मला मात्र ते वाक्य कधीच पटलेलं नाही, आणि का पटत नाही ते वर्गात तास संपायच्या आत नीट सांगता येत नाही, म्हणून इथं लिहायलेय.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन. टेनेसी विल्यम्सचं 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'. पहिला प्रयोग ३ डिसेंबर १९४७, न्यूयॉर्क, दिग्दर्शक एलिया कझान, ब्लांशच्या कामात जेसिका टँडी आणि स्टॅन्लीच्या कामात मार्लन ब्रँडो, जो तोवर फारसा कुणाला माहीत नव्हता. पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं, १९५१ मध्ये सिनेमा आला, त्यात ब्लांश विव्हियन लीनं केली आणि ऑस्कर घेतलं. मराठीत तेंडुलकरांनी ते 'वासनाचक्र' नावानं आणलं. गोष्ट अशी की मिसिसिपीतल्या लॉरेल गावची ब्लांश डुबॉइस, इंग्रजीची शिक्षिका, तिशीला टेकलेली, घरदार गेलेलं, एक ट्रंक घेऊन न्यू ऑर्लिन्सला धाकट्या बहिणीकडं येते. बहीण स्टेला. तिचा नवरा स्टॅन्ली कोवाल्स्की, रांगडा, कामगार, पत्ते कुटणारा, बायकोवर जीव टाकणारा आणि तिच्यावर हात पण टाकणारा. दोन खोल्यांचं घर, मध्ये नुसता पडदा. मे महिन्यात आलेली ही बाई उन्हाळा संपून पानगळ लागायच्या सुमाराला डॉक्टरच्या हाताला धरून वेड्यांच्या दवाखान्याकडं निघते. अकरा सीन. बस.

आता आमच्याकडं मोठी बहीण धाकटीच्या घरी राहायला आली, आणि तीही ट्रंक घेऊन, परत कधी जाणार ते न सांगता, तर पहिले दोन दिवस चहा होतो, तिसऱ्या दिवशी शेजारीण विचारते, आणि आठवड्यात दाजींचा आवाज चढतो. म्हणून वर्गात हे नाटक समजवायला मला कधी फार कष्ट पडत नाहीत. अमेरिकेचा दक्षिण भाग नकाशात दाखवावा लागतो, बाकी पोरं सगळं ओळखतात. एकानं तर पहिल्याच सीननंतर विचारलं होतं, "मॅडम, हिचं जमिनीचं काहीतरी झालेलं दिसायलंय ना?"

जमिनीचंच झालेलं असतं. बेल रीव्ह नावाची यांची पिढीजात इस्टेट, पांढऱ्या खांबांचा मोठा वाडा. ती गेली. कशी गेली ते स्टॅन्लीला कागदावर पाहिजे. लुइझियानात नेपोलियनचा कायदा चालतो, बायकोचं ते नवऱ्याचं, असं म्हणत तो ब्लांशची ट्रंक उपसतो, तिच्या फरच्या कपड्यांची किंमत काढतो, आणि शेवटी ती एका पत्र्याच्या डब्यातून कागदांचा ढीग काढून त्याच्या हातात ठेवते. हा सीन शिकवताना मला दरवेळी आमच्या भागातल्या गढ्या आठवतात. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा आला, आणि ज्यांच्या दारात घोडे होते त्यांच्या दारात वकील यायला लागले. गावोगाव त्या गढ्या अजून उभ्या आहेत, म्हणजे अर्ध्या उभ्या आहेत, बाकी अर्धी गढी पांढरी माती म्हणून लोकांनी गाढवावर लादून नेली आणि धाब्याच्या घरांवर टाकली. ते बरंच झालं म्हणा. जमीन कसणाऱ्याकडं गेली, त्याचं मला जराही दुःख नाही, आणि बेल रीव्हसारख्या इस्टेटी तर गुलामांच्या घामावर उभ्या राहिल्या होत्या, तेव्हा त्या वाड्यासाठी रडायचं मला काही कारण दिसत नाही.

पण एक गोष्ट बघा. ब्लांश सांगते की आजे, बाप, काके, भाऊ या सगळ्यांनी आपल्या रंगेलपणापायी जमिनीचे तुकडे तुकडे उडवले, आणि शेवटी काय उरलं तर वाडा, वीसेक एकर आणि त्यात एक कबरस्तान. स्टेला लहानपणीच न्यू ऑर्लिन्सला निघून गेलेली. मागं राहिली ही एकटी. घरात एकामागून एक म्हातारी माणसं मरायली, त्यांची दुखणी, औषधं, शवपेट्या, सगळं शिक्षिकेच्या पगारात. बहिणीला ती म्हणते की तू नुसती अंत्ययात्रेला आलीस, आणि अंत्ययात्रा मरणापेक्षा देखण्या असतात. मला नाटकातली सगळ्यात खणखणीत जागा हीच वाटते. यात कुठं भ्रम आहे? कुठला सुगंध, कुठली स्वप्नं? ही बाई हिशेब सांगायलीय. पुरुषांनी खाल्लं आणि बिल भरायला ही बसली. आमच्याकडच्या गढ्यांची पण हीच कथा, फक्त तिथं बिल भरणाऱ्या आत्याबाईंचं नाव कुठल्या फेरफारात नसतं.

म्हणजे पहिल्याच सीनमध्ये ती एक मोठी खरी गोष्ट बोलून जाते, आणि बहीण रडत बाथरूममध्ये जाते, एवढंच. कुणी पुढं काही विचारत नाही. स्टॅन्लीला कागद पाहिजेत. स्टेलाला शांतता पाहिजे.

आता तिचे भ्रम. आहेतच, नाकारत नाही. पिते आणि म्हणते एकच पेग घेते. वय चोरते, मिचला तर सांगते की स्टेला मोठी आहे. शाळेनं नसा कमजोर झाल्या म्हणून रजा दिली असं सांगते, खरं तर काढून टाकलेलं असतं. तासन्‌तास गरम पाण्यात बसते, न्यू ऑर्लिन्सच्या उकाड्यात, आणि बाहेर येऊन म्हणते कसं ताजं ताजं वाटतंय. शेप हंटले नावाचा टेक्सासचा तेलवाला करोडपती, कॉलेजातला जुना मित्र, तो आता येईल आणि घेऊन जाईल. उघड्या बल्बवर कागदी कंदील चढवते कारण तिला नागडा उजेड सहन होत नाही. वर्गात एक पोरगं म्हणालं, "मग झिरोचा बल्ब लावायचा की." हसलो सगळे.

पण त्याच बल्बचं दुसरं टोक गाईडमध्ये कुणी लिहीत नाही. चौथ्या सीनमध्ये स्टेला बहिणीला मोठ्या कौतुकानं सांगते की लग्नाच्या रात्री स्टॅन्लीनं तिच्या चपलेच्या टाचेनं घरातले सगळे बल्ब फोडले होते. आणि तिला त्याची कशी गंमत वाटली होती, अंगावर कसा शहारा आला होता. आता मला सांगा, बल्ब फोडणारा तो मर्द, वास्तववादी, आणि बल्बवर पाच पैशाचा कागद लावणारी ती भ्रमिष्ट, हा न्याय कुठला? अंधार दोघांनाही पाहिजे. एकाच्या अंधाराला घर आहे, पगार आहे, पोटातलं पोर आहे.

आणि नुसता स्टॅन्लीच का. त्या घरात भ्रमाशिवाय कोण जगतंय? स्टॅन्ली स्वतःला राजा समजतो, लुइझियानाचा पुढारी ह्युई लाँग याचं वाक्य तोंडावर फेकून सांगतो की प्रत्येक माणूस राजा असतो आणि इथला राजा मी, आणि हे सांगताना ताट फेकून फोडतो. शेवटी पत्ते खेळताना म्हणतो की नशीब म्हणजे काय तर आपण नशीबवान आहोत हे मानणं. हा भ्रम नाही तर काय आहे? वर राहणारी युनिस नवऱ्याशी भांडी फुटेस्तोवर भांडते आणि थोड्या वेळानं त्याच्याच कुशीत शिरून परत वर जाते. आणि स्टेला. तिचा भ्रम सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सभ्य. पोटुशी असताना नवऱ्याचा मार खाते, रात्री परत जाते, सकाळी पलंगावर पडल्या पडल्या बहिणीला समजावते की अंधारात बाई आणि पुरुषात काही असं घडतं की बाकीचं सगळं क्षुल्लक वाटायला लागतं. ब्लांश म्हणते तू ज्याबद्दल बोलतेस ती नुसती वासना आहे, या गल्लीबोळातून खडखडत जाणारी ती जुनाट ट्राम आहे ना, तेच तिचं नाव. (खरंच त्या शहरात डिझायर नावाची ट्राम होती. नाटक न्यूयॉर्कमध्ये जोरात चाललं होतं तेव्हाच, १९४८ मध्ये, ती बंद करून त्या रस्त्याला बस लावली.)

तर माझं म्हणणं एवढंच आहे की भ्रमानं माणूस बुडत असता तर ते अख्खं घर बुडालं असतं. ब्लांशच एकटी का बुडाली, हा खरा प्रश्न.

दुसऱ्या सीनमध्ये ती स्टॅन्लीला एक वाक्य बोलते. बाईचं आकर्षण निम्मं तर मायाच असते, पण गोष्ट महत्त्वाची असली की मी खरंच बोलते. सगळे जण पहिला अर्धा भाग अधोरेखित करतात. दुसरा अर्धा भाग घेऊन नाटक परत वाचून बघा. ती महत्त्वाचं असेल तेव्हा खरं बोलते का? बोलते. दरवेळी बोलते. आणि दरवेळी काय होतं ते बघितलं की मग कळतं ती कागदी कंदील का लावते.

पहिलं खरं नाटकाच्या आधीचं आहे. सोळाव्या वर्षी ती अ‍ॅलन ग्रे नावाच्या पोराच्या प्रेमात पडली, कविता करणारा, नाजूक, घाबरलेला. पळून जाऊन लग्न केलं. मग एक दिवस खोलीत अचानक शिरली तर तो एका मोठ्या वयाच्या पुरुषासोबत. वर्षानुवर्षांचा मित्र. त्या रात्री तिघंही काही झालंच नाही असं दाखवत मून लेक कॅसिनोला गेले, दारू प्याले, नाचले, आणि नाचता नाचता मधेच ती बोलून गेली: मी बघितलंय, मला माहितीय, मला तुझी किळस येते. तो फ्लोअर सोडून पळाला आणि तळ्याकाठी त्यानं तोंडात पिस्तूल घालून स्वतःला मारलं. तेव्हा वाजत असलेला पोल्का, म्हणजे नाचाची धून, तिच्या डोक्यात पुढं आयुष्यभर वाजत राहतो, आणि गोळीचा आवाज आला की थांबतो.

मिचला हे सांगताना ती उजेडाबद्दलच बोलते. प्रेम झालं तेव्हा नेहमी अर्ध्या सावलीत असलेल्या जगावर कुणीतरी झगझगीत झोत टाकावा तसं झालं होतं, आणि अ‍ॅलन गेल्यावर तो झोत विझला, त्यानंतर या स्वयंपाकघरातल्या मेणबत्तीपेक्षा जास्त उजेड कधी आला नाही. म्हणजे कंदिलाची गोष्ट सुरकुत्या लपवायची नाहीच नुसती. या बाईनं आयुष्यात एकदा लख्ख उजेडात नागडं सत्य बोलून बघितलं आणि माणूस मेला. त्यानंतर ती उजेडाच्या वाट्याला गेली नाही यात वास्तव न झेपण्यासारखं काय आहे? उलट तिला वास्तव फार लवकर आणि फार नीट कळलं.

दुसरं खरं म्हणजे हेच, सहाव्या सीनमध्ये मिचला सांगितलेलं. मिच स्टॅन्लीचा पत्त्यातला मित्र, आजारी आईला सांभाळणारा, घामाची लाज वाटणारा, बऱ्यापैकी सज्जन. तो ऐकून घेतो आणि तिला जवळ घेतो. म्हणतो तुलाही कुणीतरी पाहिजे, मलाही कुणीतरी पाहिजे. पोल्का थांबतो. अख्ख्या नाटकात खरं बोलल्याचं चांगलं फळ मिळालं ते एवढंच, आणि तेही का, तर त्या खऱ्यात ब्लांश दुःखी होती, विधवा होती, पश्चात्ताप करणारी होती. तेवढं खरं चालतं लोकांना.

मग चौकशी होते. ही जागा आमच्या पोरींना बरोबर कळते. सोयरीक जमायली म्हटल्यावर चौकशी आलीच, आणि चौकशी कुणाची, तर पोरीची. स्टॅन्ली लॉरेलच्या बाजूला माल घेऊन फिरणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून सगळं काढून आणतो. फ्लेमिंगो नावाचं भिकार हॉटेल, तिथं येणारे जाणारे पुरुष, हॉटेलनंही हाकलून दिलेली ही, आणि शेवटी सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचं प्रकरण ज्यामुळं नोकरी गेली. तो हे सगळं स्टेलाला सांगत असतो आणि आत ब्लांश गरम पाण्यात बसून गाणं म्हणत असते, कागदी चंद्राचं, तू विश्वास ठेवलास तर हे खोटं राहणार नाही असल्या अर्थाचं. विल्यम्स इथं जरा जास्तच ठरवून लिहितो असं मला वाटतं. स्टेजवर मात्र काम करतं ते.

सतरा वर्षांच्या पोराबद्दल बोलायलाच पाहिजे. इथं मी तिच्या बाजूनं नाही. मी स्वतः शिकवते. वर्गातलं पोरगं ते वर्गातलं पोरगं, त्यात एकटेपण, दुःख, मेलेल्या नवऱ्याच्या वयाची आठवण, काहीही सबब चालत नाही. पाचव्या सीनमध्ये वर्गणी मागायला आलेल्या पेपरवाल्या पोराचं ती चुंबन घेते आणि मग स्वतःच म्हणते की आता पळ, मला चांगलं वागलं पाहिजे आणि पोरांपासून लांब राहिलं पाहिजे, तिथं पण अंगावर काटा येतो. विल्यम्सनं तिला गरीब बिचारी केलं नाही, उलट आपल्याला तिची कीव करणं अवघड करून ठेवलं, आणि त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. तिच्यावर अन्याय झाला हे म्हणायला ती निर्दोष असायची गरज नाही, हे वर्गात समजावताना घसा कोरडा पडतो. पोरांना बळी म्हटलं की धुतल्या तांदळासारखा लागतो.

तिसरं खरं, सीन नऊ. वाढदिवसाला मिच आला नाही, स्टॅन्लीनं भेट म्हणून लॉरेलचं परतीचं बसचं तिकीट दिलं, आणि मग रात्री मिच येतो, पिऊन, दाढी न करता. तुला मी कधी उजेडात बघितलंच नाही म्हणतो आणि कंदील फाडतो. तेव्हा ती सुप्रसिद्ध वाक्यं येतात, मला वास्तव नको, जादू पाहिजे, मी खरं सांगत नाही, जे खरं असायला पाहिजे ते सांगते. इथपर्यंत गाईडवाले येतात आणि थांबतात. पण त्याच सीनमध्ये पुढच्या पाच मिनिटांत ती सगळं कबूल करते! काही राखून ठेवत नाही. होय, अनोळखी पुरुष होते, अ‍ॅलन गेल्यावर रिकामं मन भरायला दुसरं काही सुचलं नाही, घाबरून एकाकडून दुसऱ्याकडं पळत राहिले, शेवटी त्या पोरापर्यंत. म्हणजे जादू पाहिजे म्हणणारी बाई त्याच दमात नागडं खरं बोलते, कारण गोष्ट महत्त्वाची आहे, हा माणूस शेवटची आशा आहे. बाहेर एक म्हातारी मेक्सिकन बाई मेलेल्यांसाठी फुलं घ्या म्हणून ओरडत फिरते. आणि मिचचं उत्तर काय, तर तू आईच्या घरात न्यायच्या लायकीची, तेवढी स्वच्छ नाहीस. लग्न नाही, पण उन्हाळाभर जे मिळालं नाही ते आता दे. ती "आग, आग" ओरडते तेव्हा तो पळतो.

वय खोटं सांगितलं तोवर तो लग्न करणार होता.

मग सीन दहा. स्टेला बाळंतपणाला दवाखान्यात, घरात हे दोघंच. आता मात्र तिचा तोल सुटलेला आहे हे मान्य, डोक्यावर नकली हिऱ्यांचा मुकुट घालून ती आरशाशी बोलते, शेपची तार आलीय म्हणते, भिंतीवर सावल्या नाचतात, जंगलातल्यासारखे आवाज येतात. इथं पहिल्यांदा तिचे भ्रम तिच्या हाताबाहेर जातात, त्याआधी ते ती वापरत होती. आणि हे नेमकं कधी, तर खरं बोलून दोन दिवस पण नाही, काही तास झालेत तेव्हा. स्टॅन्ली तिचं एकेक खोटं सोलून काढतो, त्यात तो अगदी बरोबर असतो, तार नाही, करोडपती नाही, सगळं बरोबर. आणि सगळं बरोबर असलेला तो माणूस त्यानंतर तिच्यावर बलात्कार करतो. खरं उघड करणं आणि माणूस मोडणं एकाच हातानं होतं, हे इतकं सरळ दाखवलेलं मी दुसरीकडं कुठं वाचलं नाही.

चौथं आणि शेवटचं खरं आपल्याला ऐकूच येत नाही. सीन दहा आणि अकराच्या मधल्या काही आठवड्यांत ब्लांश बहिणीला ते सांगते. आपल्यासमोर येतं ते फक्त स्टेलाचं वाक्य, युनिसला म्हटलेलं, की तिचं खरं मानून मला स्टॅन्लीसोबत राहता आलं नसतं. आणि युनिस म्हणते, मानूच नको, काहीही होवो, जगणं चालू राहिलं पाहिजे. झाला निकाल. दोन बायका, एक बाळ, आतल्या खोलीत पत्ते चालू.

बघा आता. दारूबद्दलचं खोटं चाललं, वयाचं चाललं, रजेचं चाललं, शेप हंटलेचं तर सगळ्यांनी शेवटपर्यंत चालवून घेतलं, निघायच्या दिवशी पण तोच न्यायला आलाय का असं ती विचारते तर युनिस म्हणते, तोच असावा! तिच्या भ्रमाला आता घरचेच तेल घालायलेत, कारण सोयीचं आहे, गुपचूप गाडीत बसेल. वेडी ठरली ती एका खऱ्या वाक्यामुळं. आमच्याकडं यासाठी तयार वाक्यं असतात, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, हिला बाहेरचं काहीतरी झालंय, अंगात येतंय. ते ऐकलं की मी आधी विचारते, ती बोलत काय होती नेमकं?

विल्यम्सला हे कुठून आलं त्याबद्दल एक माहिती देते, त्यावरून सरळ गणित मांडू नका. त्याची मोठी बहीण रोझ, मनानं आजारी, तिची लोबोटॉमी, म्हणजे मेंदूतले धागे तोडायचं ऑपरेशन, १९४३ मध्ये झाली. पुढं ती जवळपास सगळं आयुष्य संस्थांमध्येच राहिली. नाटक आलं त्यानंतर चार वर्षांनी.

सिनेमानं मात्र शेवट बदलला. १९५१ मध्ये हॉलिवूडची सेन्सॉरशिप कडक होती, अ‍ॅलनचं समलिंगी असणं गाळलं, नुसता दुबळा नवरा करून टाकला, आणि शेवटी स्टॅन्लीला शिक्षा मिळालेली दिसली पाहिजे म्हणून स्टेला बाळ घेऊन परत जाणार नाही म्हणत वर युनिसकडं पळते. नैतिकता सांभाळली म्हणे. माझ्या मते नाटकाचा कणाच काढला. मूळ नाटकात स्टेला पायरीवर ढसाढसा रडते, स्टॅन्ली तिच्या ब्लाऊजमध्ये हात घालून तिला शांत करतो, आणि आतून आवाज येतो, पुढचा डाव सात पत्त्यांचा. तो शेवट बघून घरी गेलेल्या प्रेक्षकाला झोप यायला नको, सिनेमाचा शेवट बघून येते.

इथं मला बेणारे आठवणारच. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', तिथली पण शिक्षिकाच. पण बेणारे भ्रमात नाही, हसते, टोचते, सगळ्यांच्या नकला करते, आणि तरी टाइमपास म्हणून सुरू झालेला खोटा खटला तिला खऱ्यासारखा गिळतो. ज्यांच्यापासून तिला दिवस गेलेत त्या दामले सरांची खुर्ची रिकामीच. शेवटी तिला बोलायला वेळ देतात तेव्हा बाकीचे सगळे गोठलेले असतात, तिचं स्वगत फक्त आपल्याला ऐकू येतं. एक भ्रम घेऊन आली, दुसरी भ्रमाशिवाय, आणि दोघींचं ऐकून घ्यायला स्टेजवर कुणी नाही. मग भ्रमाला कशाला दोष द्यायचा? ज्यांना वाटतं ब्लांश जरा वास्तवाला धरून वागली असती तर वाचली असती, त्यांनी बेणारे वाचावी.

ब्लांशचं सगळ्यात गाजलेलं वाक्य, अनोळखी माणसांच्या दयेवरच मी कायम विसंबून राहिले, ते लोक फार हळवं करून म्हणतात. मला ते साधं विधान वाटतं. न्यायला आलेली दवाखान्याची मेट्रन तिला जमिनीवर दाबून धरते, नखं कापावी लागतील म्हणते, आणि डॉक्टर टोपी काढून तिला नावानं हाक मारतो, मेट्रनला सोडायला लावतो, हात पुढं करतो. बाहेर पायरीपाशी तिची सख्खी बहीण आहे, आत एकेकाळी तिच्याशी लग्न करायला निघालेला मिच टेबलावर डोकं टाकून रडतोय. ओळखीच्यांनी काय केलं ते सगळं समोर दिसत असताना ती म्हणते अनोळखी बरे. यात वेड कुठलं शोधायचं?

या वेळी शेवटचा सीन वाचून झाल्यावर मी वर्गात विचारलं की स्टेलानं विश्वास ठेवला असता तर? मागच्या बाकावरची एक, जी एरवी हजेरीला पण हळू आवाजात बोलते, ती म्हणाली, "जाणार कुठं होती मॅडम ती, लेकरू घेऊन? माहेर तर आधीच विकून खाल्लेलं तिच्या बापभावांनी." बेल रीव्हचा असा उपयोग मला सुचला नव्हता, म्हणजे वाडा फक्त ब्लांशचा गेला नाही, स्टेलाची परत जायची वाट पण त्याच कागदांत गेली. मी ते फळ्यावर लिहायला वळले तर दुसरी तिच्यावर उखडली, "नाही ठेवायचा विश्वास तर नको ठेवू, पण दवाखान्यात कशाला घालायची बहिणीला? घरात राहू द्यायची की."

त्यावर पहिली म्हणाली, "घरात राहिली असती तर रोज तेच बोलली असती ना."